घरातली जुनी दप्तरे, पोथ्या आणि हँडबिले कशी सांभाळावीत

सातारा-सांगली भागातल्या जुन्या घरांत दसरा-दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जे गाठोडे खाली येते, त्याचे पुढे काय होणार हे बहुधा पहिल्या तासाभरातच ठरते. गाठ सुटते, कागद अंगणात उन्हात पसरले जातात, कुणीतरी ते फडक्याने झटकते, मोडीत लिहिलेले 'महत्त्वाचे असेल' म्हणून बाजूला निघते आणि उरलेल्या पावत्या, लग्नपत्रिका, नाटकाची हँडबिले, जुनी पंचांगे रद्दीच्या ढिगावर जातात. हे सारे चांगल्या हेतूने होते, पण शंभर-दोनशे वर्षांत वाळवीने केले नसेल एवढे नुकसान त्या तासाभरात होते. म्हणून हे टिपण त्या पहिल्या तासापासूनच सुरू करतो.

आपल्या भागातल्या घरगुती कागदांचे मोल काय असते, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, तो वाईच्या एका घरात मिळालेल्या कागदांमुळे. मिरजेत शाळामास्तर असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतून (जुन्या कागदपत्रांच्या संग्रहांतून) 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा केला. साताऱ्यात द. ब. पारसनीस यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. हे सगळे मुळात कुणाच्या तरी घरी, कुठल्यातरी फडताळात पडून असलेले कागद होते. छापील कागदांचेही तसेच आहे. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हापासून या जिल्ह्याला नाटकांची परंपरा आहे, परंतु प्रयोगाच्या दिवशी वाटलेले हँडबिल दुसऱ्या दिवशी कुणी जपून ठेवत नाही. प्रतिसरकारच्या काळातली हातोहात फिरलेली पत्रके, सत्यशोधक जलशांच्या जाहिराती, सहकारी सोसायट्यांच्या पावत्या, कुस्तीच्या मैदानांची पोस्टरे यांचेही तेच होते. ग्रंथ निदान ग्रंथालयात मिळतो. असे कागद मात्र ज्या घरात उरले तिथेच उरलेले असतात, आणि म्हणून रद्दीच्या ढिगाकडे मी आधी पाहतो.

गाठ सोडण्याआधी

पहिले काम म्हणजे छायाचित्र. गाठोडे जसे आहे तसे, जिथे सापडले त्या जागेसह, मोबाइलवर टिपावे. मग गाठ सोडून वरचा थर टिपावा आणि त्यानंतरच एकेक कागद उचलावा. जुन्या कारकुनांनी कागद रुमालात बांधताना काही एक व्यवस्था केलेली असते. एका गावचे, एका वर्षाचे, एका वादाचे कागद एकत्र असतात. दोन पत्रांच्या मध्ये दुमडून ठेवलेली चिठ्ठी त्या पत्रांशी निगडित असते. ही व्यवस्था कुठेही लिहिलेली नसते, ती केवळ कागदांच्या क्रमात असते, आणि क्रम एकदा मोडला की ती परत मिळत नाही.

मी स्वतः सुरुवातीला ही चूक केली आहे. वाई तालुक्यातल्या एका घरातले दोन रुमाल मी एकत्र करून सारे कागद तारखेप्रमाणे लावले आणि काम नीटनेटके झाले असे समजलो. पुढे लक्षात आले की ते दोन रुमाल दोन भावांच्या वाटणीचे होते. दोन्ही शाखांत आजोबांचेच नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्यामुळे, सुटा कागद पाहून तो कोणत्या शाखेचा हे सांगता येईना. क्रम तसाच ठेवला असता तर प्रश्न उद्भवलाच नसता. त्या घरच्या मंडळींनी मला बोल लावला नाही, पण ती खंत अजून आहे.

यासाठी प्रत्येक रुमालाला, पुडक्याला किंवा ट्रंकेच्या कप्प्याला एक अक्षर द्यावे आणि आतल्या कागदांना वरून खाली अनुक्रमांक द्यावेत: 'अ-१', 'अ-२' असे. क्रमांक मऊ शिसपेन्सिलीने, मागच्या बाजूच्या कोपऱ्यात, अगदी हलक्या हाताने लिहावा. बॉलपेन, स्केच पेन, रबरी शिक्का यांपैकी काहीही वापरू नये. कागद फार ठिसूळ असेल तर क्रमांक कागदावर न लिहिता तो ज्या घडीत ठेवणार त्या घडीवर लिहावा.

या कागदांच्या नोंदीची एक वही करावी आणि तीत तारीख जशी असेल तशीच उतरवून घ्यावी. मोडी पत्रांत शुहूर सन (जुन्या कागदांतली एक कालगणना) अरबी शब्दांत असतो: 'सबा सबैन मया व अलफ' म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७७. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७६ येतो, मात्र हे वर्ष मृगाला सुरू होत असल्याने पुढचे काही महिने १७७७ मध्ये पडतात. 'छ' या अक्षरापुढचा आकडा चांद्र तारखेचा असतो. हे रूपांतर नंतर, जाणकाराला विचारून करता येते, तेव्हा वहीत आधी मूळ शब्दच लिहावेत. मोडी वाचता येत नसेल तर तसे नमूद करून लांबी-रुंदी, ओळींची संख्या आणि शिक्का आहे की नाही एवढेच लिहावे. तेवढ्यानेही कागद ओळखता येतो.

हाताळणी आणि साफसफाई

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. कागदासाठी सुती हातमोजे घालण्याची पद्धत दिसते, पण त्यांनी बोटांची जाण जाते आणि ठिसूळ कडा अडकून फाटतात, म्हणून कोरडे उघडे हातच चांगले. याला दोन अपवाद आहेत, बुरशी आणि हरताळ. पोथीत चुकलेल्या अक्षरावर पिवळा लेप देऊन ते झाकत असत, तो लेप हरताळाचा. आपल्या भाषेतला 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. काही पोथ्यांचे पूर्ण पानच कीड लागू नये म्हणून हरताळाने पिवळे केलेले असते. हरताळ हे आर्सेनिकचे संयुग आहे, त्यामुळे अशी पाने हाताळताना रबरी हातमोजे घालावेत, पान उलटण्यासाठी बोटाला थुंकी लावू नये (ही सवय कोणत्याच पोथीसाठी बरी नाही), आणि लहान मुलांना जवळ बसवू नये.

धूळ काढण्यासाठी चित्रकाराचा रुंद, मऊ केसांचा कुंचला घ्यावा आणि पानाच्या मध्यापासून कडांकडे एकाच दिशेने फिरवावा. जुन्या पत्रांवर कधी बारीक चमकदार कण दिसतात. शाई टिपण्यासाठी टाकलेली ती वाळू असते आणि अक्षरांत रुतलेली असल्यामुळे ती खरवडू नये. लांब कागद अनेक बंद (कागदाचे तुकडे) एकाखाली एक चिकटवून केलेला असतो व पुष्कळदा त्या जोडावर मागून शिक्का किंवा खूण असते. जोड सुटला असेल तर दोन्ही तुकडे एकाच घडीत ठेवावेत, घाईने चिकटवू नयेत, आणि वेडीवाकडी दिसणारी कड कात्रीने सरळ करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. गुंडाळीचा कागद जबरीने सपाट केला तर घडीवर तुटतो. जाड पुठ्ठ्यांखाली थोडे थोडे वजन ठेवून, दिवसांच्या हिशेबाने तो उलगडावा.

टाचण्या, स्टेपलरच्या पिना, गंजलेल्या क्लिपा आणि वितळलेले रबरबँड काढून टाकावेत. टाचणी ओढून काढू नये. तिच्याखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून कागद सुरक्षित करावा आणि मग ती हळूच उकलावी. ज्या कागदांना ती एकत्र धरत होती ते कागद पांढऱ्या कागदाच्या एका घडीत ठेवावेत.

शाई आणि कागद ओळखणे

बोरूने काजळाच्या शाईत लिहिलेली अक्षरे दोनशे वर्षांनीही काळीभोर राहतात, कारण काजळ म्हणजे कार्बन आणि तो उडत नाही. पण ही शाई डिंकात बांधलेली असल्यामुळे पाणी लागले की पसरते. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कचेरीच्या कागदांवर, शाळेच्या दाखल्यांवर जी तपकिरी झालेली शाई दिसते ती बहुधा लोहाची. तिच्यातले आम्ल कागद खाते आणि अक्षरांच्या जागी भेगा पडतात. असा कागद वारंवार उघडमीट करू नये, आणि दमट हवेत तर मुळीच ठेवू नये.

कागदाचेही दोन प्रकार ढोबळमानाने ओळखता येतात. चिंध्यांपासून हाताने केलेला जुना कागद चिवट असतो. तो पिवळसर झाला तरी वाकतो, तुटत नाही. लाकडाच्या लगद्याचा पुढचा छापील कागद मात्र स्वतःच्याच आम्लाने करपतो, म्हणूनच पेशवाईतले पत्र आज हातात घेता येते आणि १९४० मधले वर्तमानपत्र घडीवर तुटते. आपल्याकडे लोक वयाने जुना तेवढा नाजूक असे समजतात, पण बहुतेक वेळा उलटे असते. हँडबिले, चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल केलेली) पत्रके, वर्तमानपत्रांची कात्रणे यांना अधिक काळजी हवी. त्यांना चिंधी-कागदाच्या जुन्या पत्रांपासून वेगळे ठेवावे, कारण त्यांचे आम्ल शेजारच्या कागदावर तपकिरी डाग पाडते. वेगळे ठेवताना मूळ जागी 'येथील हँडबिल अ-१४, डबा ३ मध्ये' अशी चिठ्ठी ठेवली की क्रमही राहतो. गुलाबी, हिरव्या पातळ कागदावर छापलेल्या हँडबिलांचा रंग उजेडाने उडतो, म्हणून ती भिंतीवर चौकटीत लावायची असतील तर प्रत लावावी आणि मूळ कागद अंधारात ठेवावा.

बांधणे आणि ठेवणे

पोथ्यांचे लेखक शेवटच्या पानावर पुष्कळदा एक विनवणी लिहून ठेवत: तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. त्यातली सैल बांधणीची गोष्ट विशेष खरी आहे. पोथीच्या सुट्या पानांना वर-खाली सपाट फळ्या देऊन, कापडात घट्ट गुंडाळून बांधले की दमट हवा आणि किडे आत शिरत नाहीत आणि पाने वाकत नाहीत. कापड मांजरपाट किंवा खादी असावे, दोन-तीनदा धुऊन खळ पूर्ण काढलेले. परंपरेने लाल बासन वापरतात, त्याला हरकत नाही. मात्र आधी ओला पांढरा रुमाल त्यावर घासून रंग सुटतो का पाहावे. सुटत असेल तर पोथीला आतून एक पांढरे कापड द्यावे.

बऱ्याच घरांत पोथीची पूजा होते आणि पानांवर हळद-कुंकू वाहिले जाते. ही श्रद्धा दुखवण्याचे कारण नाही. हळद-कुंकू, फूल आणि अक्षता वरच्या फळीवर किंवा बासनावर वाहाव्यात आणि तेलाची समई हातभर दूर ठेवावी, एवढे घरच्या वडीलधाऱ्यांना सांगितले की ते आनंदाने मानतात, असा माझा अनुभव आहे.

सुटे कागद आम्लरहित कागदाच्या घडीत घालून पुठ्ठ्याच्या आम्लरहित डब्यात आडवे ठेवावेत. ते मिळेपर्यंत स्वच्छ पांढऱ्या सुती कापडात गुंडाळणे हे बाजारातल्या साध्या प्लास्टिकच्या फाइलींपेक्षा कितीतरी चांगले. पारदर्शक पिशवी हवीच असेल तर ती पॉलिएस्टरची असावी. पीव्हीसीचे कव्हर कालांतराने चिकट होते आणि छपाईची अक्षरे स्वतःवर ओढून घेते.

डांबराच्या गोळ्या घालू नयेत. त्यांनी किडे मरत नाहीत, थोडे दूर जातात, आणि त्यांची वाफ माणसालाच बाधते. वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुलिंब कापडाच्या पुरचुंडीत, कागदाला न लागेल असा ठेवण्यास हरकत नाही, मात्र त्यावर विसंबून राहू नये. खरा उपाय म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहणे. कसर लागल्याचे किंवा भुग्याचे चिन्ह दिसले तर ते पुडके लगेच वेगळे करावे, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवावे, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी न उघडता खोलीत राहू द्यावी. नाहीतर गार कागदावर दव धरते. औषध फवारणे हा मार्ग नव्हे.

जागेची निवड गावानुसार बदलते. महाबळेश्वर, पाटण, वाईच्या पश्चिम भागात बुरशी हा पहिला शत्रू आहे. माण, खटाव, जत, आटपाडीकडे वाळवी, धूळ आणि उन्हाळ्याची कोरडी झळ. सगळीकडे लागू पडेल असा नियम एवढाच की कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, जमिनीपासून वीतभर उंच असावे, आणि पत्र्याखालचा माळा टाळावा, कारण तिथे दिवसा भट्टी आणि पावसाळ्यात गळती असते. साधे आर्द्रतामापक कपाटात ठेवावे. आकडा ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते. पावसाळ्यात गाठोडी उघडून वारा देण्याची चूक करू नये. खंडेनवमीला वह्या-पोथ्यांची पूजा करण्याची आपली रीत आहे आणि तेव्हा हवा कोरडी होऊ लागलेली असते, म्हणून वर्षाची मोठी तपासणी त्या दिवशी, सावलीत करावी.

फाटलेल्या कागदाविषयी

सेलोटेप लावू नये. तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग निष्णात संरक्षकालाही (जुने कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञालाही) तो काढताना अक्षरे वाचवणे अवघड जाते. लॅमिनेशन त्याहून वाईट, कारण उष्णतेने वितळलेले प्लास्टिक कागदापासून पुन्हा वेगळे होत नाही. मी अनेक घरांत सनदा अशा बंद झालेल्या पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी ते 'चांगले टिकावे' म्हणूनच केलेले होते.

लहानशा फाटीसाठी जपानी तंतुमय पातळ कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. कुरडयांसाठी आपण जो चीक काढतो त्याच जातीची ही वस्तू, फक्त ती आंबवलेली नको, कारण आंबवण्याने आम्ल तयार होते. एक भाग सत्त्व व चार-पाच भाग पाणी मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळत, अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवावे, गाळून घ्यावे आणि दोन दिवसांत संपवावे. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, तो घालू नये, कारण तांबे कागदाला कुजवते. आधी रद्दीच्या कागदावर हात बसवावा. काजळाच्या शाईवरून फाट जात असेल, किंवा कागद मोलाचा वाटत असेल, तर स्वतः काहीच न करता दोन्ही भाग घडीत ठेवून संरक्षकाची वाट पाहावी.

पूर आला तर

सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५, २०१९ आणि २०२१ यांपैकी कोणत्याही पुरात ज्या घरात पाणी शिरले होते, तिथे दप्तर तळमजल्यावर असूच नये. त्याचा डबा एका माणसाला उचलता येईल एवढाच असावा आणि तो कुणी उचलायचा हे घरात आधी ठरलेले असावे.

कागद भिजलेच तर हाती साधारण ४८ तास असतात, त्यानंतर बुरशी धरते. ओली पाने एकमेकांपासून ओढून काढू नयेत. चिखल असेल तर पुडके घट्ट मिटलेले धरून स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवावे, मात्र हाताने लिहिलेल्या कागदांना हे करू नये. थोडे असतील तर दोरीवर नव्हे, जाळीवर किंवा टिपकागदावर पसरून पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत वाळवावेत आणि टिपकागद दर काही तासांनी बदलावा. इस्त्री, हेअर ड्रायर आणि कडक ऊन यांनी कागद आक्रसतो. पुष्कळ असतील तर लहान पुडकी करून पिशव्यांत घालावीत आणि गोठवावीत. गोठलेला कागद महिनोन्महिने थांबू शकतो आणि सवडीने एकेक पुडके काढून वाळवता येते. वीज नसलेल्या भागातून अशा वेळी उंचावरच्या गावातल्या आइस्क्रीमवाल्याचा फ्रीझर उपयोगी पडतो, त्याचा क्रमांक आधी घेऊन ठेवावा. गुळगुळीत कागदाची मासिके वाळताना दगडासारखी चिकटतात, म्हणून गोठवताना त्यांना पहिली पसंती द्यावी.

छायाचित्रे आणि हक्क

छायाचित्र खिडकीच्या मंद उजेडात, फ्लॅश न वापरता, कागद सपाट व कॅमेरा बरोबर वर धरून घ्यावे. बाजूला मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. मागची बाजू कोरी दिसली तरी तिचेही छायाचित्र घ्यावे, कारण पत्ता, शेरा किंवा जोडावरची खूण तिथेच असते. स्कॅन करायचे असल्यास दर इंचाला ३०० बिंदू, आणि तिकिटे-पावत्यांसारख्या लहान वस्तूंना ६०० ठेवावेत. पोथी स्कॅनरच्या काचेवर दाबू नये. प्रतिमांच्या तीन प्रती असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही आणि त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. घरी येऊन 'चार जुने कागद द्या' म्हणणाऱ्याला हे सांगावे. घरात सांभाळणे शक्य नसेल तर कोल्हापूर किंवा पुण्याचे शासकीय पुराभिलेखागार, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, अशा ठिकाणी विचारणा करावी. देताना लेखी पावती घ्यावी, तिच्यात कागदांची संख्या, घराण्याचे व गावचे नाव आणि ते दान आहे की ठेव हे स्पष्ट लिहून घ्यावे. आणि आपली वही व पहिल्या तासात काढलेली गाठोड्याची छायाचित्रे यांची प्रत सोबत द्यावी, कारण कोणता कागद कोणत्या रुमालात, कशाच्या शेजारी होता, हे त्या संस्थेला दुसरीकडून कुठूनही कळणार नाही.